गाडी फसली की आधी खाली उतरा: फोर बाय फोरसाठी ऑटो लॉकर निवडण्याची रीत

गाडी फसली की रेस देणं थांबवा, खाली उतरा आणि वाकून चारही चाकांकडे बघा. कोणती चाकं फिरली आणि कोणती नुसती उभी राहिली, एवढंच पाहायचं. फिरलेल्या चाकाची नक्षी गाऱ्यानं भरून गुळगुळीत झालेली असते आणि त्याच्याखाली खड्डा पडलेला असतो. उभ्या राहिलेल्या चाकाखालची माती जशीच्या तशी असते. ऑटो लॉकर (दोन्ही चाकं आपोआप एकत्र फिरवणारा भाग) घ्यावा का, कोणता घ्यावा, मागे बसवावा की पुढे, या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. बरेच जण ते न बघता थेट ट्रॅक्टर बोलावतात आणि हिवाळ्यात हजारो रुपयांचा लॉकर मागवतात.

मी परतवाड्याच्या खालच्या अंगाला राहतो. वावर दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यात, आणि कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे जाणं होतं. म्हणजे एकाच गाडीला एका दिवशी खारपाणपट्ट्याची काळी माती आणि दुसऱ्या दिवशी सातपुड्याचे दगड. आधी महिंद्राची एमएम ५४० जीप होती. आता जिप्सी आहे आणि तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये काही वर्षांपासून ऑटो लॉकर आहे. त्या अनुभवावरून आणि मिस्त्रीबरोबर बसून उघडलेल्या डिफ्रन्शियलच्या गोळ्यांवरून हे लिहितो आहे.

ट्रॅक्टरचं पेडल आठवा

ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला डिफ लॉक समजावून सांगावा लागत नाही. एक चाक ओल्या पट्ट्यात गेलं आणि गरगर फिरायला लागलं की टाचेनं पेडल दाबायचं. दोन्ही चाकं एक होतात, ट्रॅक्टर निघतो आणि वळणाच्या आधी पेडल सोडायचं. गाडीतला ऑटो लॉकर हेच काम करतो, पण दाबायचं कधी आणि सोडायचं कधी हे तो स्वतः ठरवतो. त्याचे सगळे गुण आणि सगळे त्रास यातूनच निघतात.

डिफ्रन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा गोळा. साध्या डिफ्रन्शियलबद्दल एक गैरसमज गावोगावी ऐकू येतो, की सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते. फेरे त्या चाकाला जातात, ताकद नाही. साधा डिफ्रन्शियल दोन्ही चाकांना नेहमी जवळजवळ सारखाच पीळ (टॉर्क) देतो. समजा, गाऱ्यातलं चाक १०० न्यूटन मीटरलाच घसरतं आणि मुरमावरचं चाक ९०० पेलू शकतं. तरी मुरमावरच्या चाकाला १००च मिळतात. दोन्ही मिळून २००, आणि गाडी हलत नाही. लॉक झाल्यावर हीच बेरीज १०० अधिक ९०० होते आणि गाडी निघते.

आता तीच बेरीज दोन्ही चाकं गाऱ्यात असताना करून बघा. साध्या डिफ्रन्शियलला १०० अधिक १००. लॉकरला १०० अधिक १००. काहीही फरक पडत नाही. दर्यापूरच्या पांदणीवर झड लागल्यावर बहुतेक वेळा हीच परिस्थिती असते, म्हणून हे आधी सांगितलं.

पहिलं काम: एक पावसाळा वही ठेवा

मृगापासून दिवाळीपर्यंत जेव्हा जेव्हा गाडी फसेल तेव्हा दोन ओळी लिहा. जागा कोणती, आणि किती चाकं फिरली. फोर व्हील लावलेला होता का, हेही लिहा. चार महिन्यांनी वही उघडली की चित्र दिसतं.

मागचं एक चाक आणि पुढचं एक चाक फिरत होतं, बाकी दोन उभी होती, असं वारंवार लिहिलेलं असेल तर लॉकर तुमच्यासाठी आहे. नाल्यात तिरपं उतरताना, धुरा ओलांडताना, बंडीच्या चाकोरीतून एका बाजूनं वर निघताना, रपट्याची कड खचलेली असताना असंच होतं. गाडी पिळली जाते, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरचं वजन कमी होतं आणि ती दोन चाकं फिरत राहतात. मेळघाटातल्या दगडी चढावर तर हे कोरड्या उन्हाळ्यातही होतं. गडचिरोलीकडच्या नाल्यांच्या वाळूत किंवा भंडारा-गोंदियातल्या धानाच्या बांध्यांमधून तिरपं चढताना-उतरतानाही गणित तेच.

चारही चाकं सारखीच फिरत होती असं दिसलं, तर पैसे टायरवर घाला. काळ्या मातीत चिकण फार. पाणी पिऊन ती फुगते, टायरच्या खोबणीत घट्ट बसते आणि दोन फेऱ्यांत मड टायरचा गुळगुळीत रूळ होतो. दोन नक्षींमधली जागा मोठी असलेला टायर फिरताना गारा बाहेर फेकतो, बारीक नक्षीचा फेकत नाही. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो आणि पकड वाढते. मी मोकळ्या जिप्सीत १८ पीएसआयपर्यंत उतरवतो, पण परत डांबरीवर येण्याआधी भरायला पंप जवळ हवा. चाकांना बांधायच्या साखळ्याही इथे लॉकरपेक्षा जास्त कामाच्या.

पोट टेकलेलं असेल, म्हणजे चाकोरी खोल आणि मधला उंचवटा चेसिसला लागलेला, तर लॉकर काही करू शकत नाही. फावडं लागेल, नाहीतर विंच.

आणि फोर व्हील लावूनही पुढचं एकही चाक फिरलं नाही असं आढळलं, तर आधी पुढचे हब तपासा. हाताने फिरवायचे फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडवणारे) मोकळेच ठेवून लिव्हर ओढणारे मी अनेक बघितले आहेत. केबल, व्हॅक्यूमच्या नळ्या, हबच्या आतला वाळलेला ग्रीस, हे सगळं आधी.

उतारावरची गोष्ट

लॉकर विकणारा हे सांगत नाही, म्हणून जरा थांबून लिहितो. साध्या डिफ्रन्शियलमध्ये एक चाक फिरतं तेव्हा दुसरं उभं असतं, आणि ते उभं चाक गाडीची शेपूट जागेवर धरून ठेवतं. लॉकरमध्ये दोन्ही एकदम घसरतात. घसरणाऱ्या टायरला आडवी पकड जवळजवळ राहत नाही. रस्ता एका अंगाला कललेला असेल तर गाडीची मागची बाजू सरळ खाली जाते.

आमच्या पांदणी मधे उंच आणि दोन्ही बाजूंना नाली अशाच असतात. लॉकर लावल्यानंतरच्या पहिल्या आषाढात मी उंचवट्याच्या डावीकडून जात होतो, एका जागी जरा रेस वाढवली आणि मागचा भाग अलगद नालीत जाऊन बसला. त्याच रस्त्यावरून साध्या डिफ्रन्शियलच्या एमएम ५४० नं मी बरेच पावसाळे काढले होते. तेव्हापासून ओल्या काळ्या मातीवर कललेली जागा आली की मी दुसऱ्या गिअरमध्ये, एका रेसवर, न थांबता जातो आणि शक्य तिथे बरोबर मधल्या उंचवट्यावर चाकं ठेवतो. तुमचा रोजचा रस्ता असाच असेल आणि दगड, नाले क्वचितच लागत असतील, तर ऑटो लॉकरऐवजी हवा तेव्हाच लागणारा, बटणाचा लॉक घ्या, किंवा काहीच घेऊ नका.

आधीपासून गाडीत काय आहे ते बघा

फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकानं लावायचे लॉक कंपनीतूनच येतात. तिथे ऑटो लॉकरचा विचार करायचं कारण नाही. थार रॉक्सच्या फोर बाय फोरला मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. नव्या थारच्या काही व्हेरियंटना मागच्या अ‍ॅक्सलमध्ये एमएलडी म्हणजे ईटन कंपनीचा यांत्रिक ऑटो लॉकर असतो, बाकीच्यांना ब्रेकवर चालणारी व्यवस्था. जिम्नीलाही ब्रेकवर चालणारीच.

ब्रेकची व्यवस्था म्हणजे एबीएसचे सेन्सर फिरणारं चाक ओळखतात आणि तेवढ्याच चाकाला ब्रेक लावतात. त्या ब्रेकच्या विरोधामुळे दुसऱ्या चाकाला पीळ मिळतो. थोड्या वेळाच्या अडथळ्यासाठी ही चांगली आहे. लांब चढावर सतत वापरली तर पॅड तापतात. ज्याची वर्षातून पाच-सहा वेळाच अडचण होते त्यानं यावर समाधान मानावं असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या महिंद्रा जीप, कमांडर, मेजर, जिप्सी यांना साधा डिफ्रन्शियल असतो. जुनी गाडी घेतली असेल तर खात्री करून घ्या, कारण मधल्या मालकानं काय बसवलं ते सांगता येत नाही. पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावा, मागची दोन्ही चाकं जॅक स्टँडवर उचला, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि हँडब्रेक सोडा. एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलट्या दिशेनं फिरलं तर डिफ्रन्शियल साधा. त्याच दिशेनं फिरलं तर आत लॉकर आहे, एलएसडी (चाकाची घसरण मर्यादित ठेवणारा डिफ्रन्शियल) आहे, नाहीतर कुणीतरी गिअर वेल्ड करून टाकलेत. एमएलडी बंद असताना साध्यासारखाच वागतो, तो या चाचणीत ओळखू येणार नाही.

वेल्ड केलेल्याबद्दल दोन शब्द. डिफ्रन्शियलच्या आतले छोटे सन-स्टार गिअर वेल्डिंगनं एक करून देणारे सापडतात, आणि स्वस्तात होतं म्हणून लोक करून घेतात. डांबरीवर प्रत्येक वळणाला एक टायर घासत राहतो, शाफ्टवर सतत पीळ राहतो आणि कधी ना कधी शाफ्ट तुटतो. माणसं बसवायच्या गाडीत हे करू नका.

तीन प्रकारचे ऑटो लॉकर

पहिला, पूर्ण केजचा. डेट्रॉइट लॉकर हे यातलं जुनं नाव, नो-स्पिन या नावानंही ओळखलं जायचं, आता ईटनकडे आहे. यात साध्या डिफ्रन्शियलची केजच, म्हणजे आतले गिअर धरणारा सांगाडा, काढून नवी घालतात. सन-स्टार गिअर नसतातच. त्यांच्या जागी दाते असलेल्या दोन जाड तबकड्या असतात. सरळ चालताना दोन्ही चाकं लॉकच असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, जमीन त्याला पुढे ओढते, त्या बाजूचे दाते सुटतात आणि टिकटिक आवाज करत ते चाक मोकळं पळतं. त्या वेळी सगळा जोर आतल्या चाकाकडे असतो. वळण संपलं की खटकन परत बसतात. सगळ्यात मजबूत हाच. पण केज बदलली की क्राउन-पिनियनची, म्हणजे जोर आत आणणाऱ्या मुख्य गिअरच्या जोडीची, बैठक पुन्हा जुळवावी लागते, शिम (पातळ चकत्या) घालून, दात्यांवर रंग लावून ठसा बघून. ज्याच्याकडे डायल गेज नाही अशा मिस्त्रीकडून हे काम करून घेऊ नका.

दुसरा, आतल्या गिअरच्या जागी बसणारा. याला लंचबॉक्स लॉकर म्हणतात. लॉक-राइट, ऑसी लॉकर, स्पार्टन ही यातली नावं. मूळ केज तशीच राहते, फक्त सन-स्टार गिअर काढून त्या जागी लॉकरचे चार मुख्य भाग, पिना आणि स्प्रिंगा बसतात. काम करण्याची पद्धत वरच्यासारखीच. स्वस्त पडतो, मूळ गिअर परत बसवता येतात. मर्यादा एकच, पण मोठी: मूळ केज आणि मधली क्रॉस पिन जेवढी मजबूत तेवढाच हा मजबूत. माझ्या जिप्सीत हाच आहे. जिप्सी किंगच्या १३०० सीसी इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन मीटर, गाडी हलकी, त्यामुळे तिला हा पुरतो. ३०० न्यूटन मीटरच्या डिझेल थारला मोठे टायर लावून दगडावर चढवायचं असेल तर मी हा सुचवणार नाही.

तिसरा म्हणजे एमएलडी, आणि हा नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हाच आहे आणि सगळ्यात जास्त तक्रारीही याच्याच. तो नेहमी लॉक नसतो. साधा डिफ्रन्शियल म्हणूनच चालतो. दोन्ही चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, एक खटका अडकतो आणि लॉक लागतो. गाडी ताशी साधारण ३० किलोमीटरच्या पुढे असेल तर लागत नाही. म्हणून डांबरीवर त्याचं अस्तित्व कळतही नाही, आणि घरातल्या गाडीसाठी हा मोठा गुण आहे.

आता १०० फेऱ्या म्हणजे किती ते बघा. थारचा २५५/६५ आर १८ टायर एका फेरीत सुमारे अडीच मीटर जातो. म्हणजे उभ्या चाकाच्या तुलनेत घसरणारं चाक ताशी जवळपास १५ किलोमीटरच्या वेगानं फिरायला हवं, तेव्हा लॉक लागेल. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन ते चाक एकूण घट ४० पट आहे असं धरलं, तर १००० आरपीएमला अ‍ॅक्सलच्या सरासरी २५ फेऱ्या होतात. एक चाक उभं असेल तर दुसऱ्याच्या ५०. लॉक लागत नाही. लोक म्हणतात, एमएलडी बिघडलाय. बिघडलेला नसतो, रेस कमी पडते. २००० च्या आसपास नेऊन स्थिर धरली की एक झटका जाणवतो आणि गाडी निघते. झटका बसला की पाय काढू नका, तसाच ठेवा. पाय काढला, जोर उलटा झाला की लॉक सुटतो.

दगडावर, मुरमावर हे सगळं छान चालतं. काळ्या गाऱ्यात मात्र लॉक लागेपर्यंत ते चाक जे फिरतं, तेवढ्यात वीतभर खड्डा करून बसतं. डेट्रॉइट किंवा लंचबॉक्स आधीपासूनच लॉक असल्यानं चाक फिरण्याची वाट बघत नाही. वहीत काळ्या मातीतल्या नोंदी जास्त असतील आणि त्या एका चाकाच्या असतील, तर हा फरक महत्त्वाचा.

गिअरवर चालणारा हेलिकल एलएसडी काही जण ऑटो लॉकर म्हणून विकतात. तो लॉकर नाही. तो कमी पकड असलेल्या चाकाच्या काही पट जोर दुसऱ्याला देतो. चाक हवेत असेल तर शून्याच्या कितीही पट शून्यच. तेव्हा ब्रेक किंचित दाबून त्या चाकाला खोटा विरोध द्यावा लागतो. ओल्या डांबरी घाटात मात्र याच्यासारखा गुणी दुसरा नाही.

हवेवर चालणारे आणि विजेवर चालणारे लॉक या लेखाचा विषय नाहीत. एवढंच सांगतो की पैसे असतील आणि कॉम्प्रेसर, नळ्या, वायरिंग सांभाळायची तयारी असेल तर ते सगळ्यात चांगले, कारण निर्णय तुमच्या हातात राहतो. त्यांना उंदीर, गारा आणि ४५ अंशांचं ऊन सोसावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

गाडी चालवतो कोण

लॉकरवाली गाडी डांबरीवर वेगळी वागते. वळणावर रेस दिली की दोन्ही चाकं एक होतात आणि गाडी सरळ जायला बघते. मध्येच पाय काढला की शेपूट एक हिसका देते. गिअर बदलताना क्लच दाबला-सोडला की मागे ठक्क होतं. गाडी जितकी आखूड तितकं हे जास्त जाणवतं. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, थारचा २४५०, पाच दारांच्या जिम्नीचा २५९०. लांब कॅम्पर पिकअपमध्ये जे लक्षातही येत नाही ते जिप्सीत स्टिअरिंगमध्ये जाणवतं. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑटोमॅटिकपेक्षा जास्त.

चिखलदऱ्याच्या घाटात पावसात, धुक्यात, वळणावर वळण असताना एका लयीत चालवणाऱ्या माणसाला याचा त्रास होत नाही. पण गाडी घरातले तिघं चालवत असतील, कधी गडी दवाखान्यात घेऊन जात असेल, कधी पोरगा कॉलेजात, तर कायम लॉक राहणारा लॉकर घेऊ नका. एमएलडी किंवा बटणाचा लॉक घ्या. मी जिप्सीची चावी ज्याला देतो त्याला आधी मोकळ्या जागेत चार चकरा मारायला लावतो.

ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था) असलेल्या नव्या गाडीत डेट्रॉइट किंवा लंचबॉक्स बसवू नका. चाकांच्या वेगातला फरक मोजून ती व्यवस्था काम करते, आणि लॉकर नेमका तोच फरक पुसून टाकतो.

मागे की पुढे

मागे. चढावर वजन मागे जातं, तिथेच जोर लागतो, आणि मागचा शाफ्ट साधा, सरळ असतो. पुढे ऑटो लॉकर लावला की फोर व्हीलमध्ये स्टिअरिंग जड होतं, सोडलं की झटक्यानं सरळ होतं, आणि पूर्ण वळवलेल्या चाकावर जोर पडला की पुढचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकाला जोर पोचवणारा सांधा) तुटतो. मेळघाटच्या एखाद्या पाड्यावर सीव्ही तुटला तर गाडी आठवडाभर तिथेच. पुढे लावायचाच असेल तर पार्ट-टाइम फोर व्हील आणि मोकळे करता येणारे हब, या दोन गोष्टी असल्याशिवाय नाही. टू व्हील ड्राइव्हची मालवाहू पिकअप असेल तर मागच्या एका लॉकरनं ती पुष्कळ ठिकाणी निघते, फोर बाय फोर नसतानाही.

मागवण्याआधी मोजमाप

अ‍ॅक्सल शाफ्टचे दाते मोजा. म्हणजे खरोखर शाफ्ट बाहेर काढून मोजा, वर्षावरून किंवा मॉडेलवरून अंदाज नको. जुन्या महिंद्रांत एकाच दिसण्याच्या गाड्यांना वेगवेगळे अ‍ॅक्सल निघतात, कारण पन्नास वर्षांत कुणी कुठलं सामान चढवलं ते कागदावर नसतं. क्राउन-पिनियनचं गुणोत्तरही दाते मोजून लिहून ठेवा, कारण पूर्ण केजच्या लॉकरला काही अ‍ॅक्सलमध्ये गुणोत्तराप्रमाणे केज बदलते.

शाफ्टची अवस्था बघा. साध्या डिफ्रन्शियलमध्ये पीळ दोघांत वाटला जातो. लॉकरमध्ये एक चाक हवेत गेलं की पूर्ण अ‍ॅक्सलचा पीळ एकट्या शाफ्टवर येतो. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाच्या खाचा) पिळलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट आधी बदला.

टायर दोन्ही बाजूंना एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले हवेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला रिमोल्ड, ही आपल्याकडची सवय इथे चालत नाही. दोन चाकांचा घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही एक चाक सतत पुढे पळतं आणि लॉकर टिकटिकत राहतो. मी एकदा पंक्चर झालेल्या टायरऐवजी जुनी स्टेपनी लावून अमरावतीला गेलो, तर पूर्ण रस्ताभर आवाज येत होता. हवाही दोन्हीकडे सारखी.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील मूळ उत्पादकानं दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. नोंदणीपुस्तकात डिफ्रन्शियलचा प्रकार लिहिलेला नसतो. तरी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरचं म्हणणं लेखी घ्या.

बसवताना आणि बसवल्यावर

जिप्सीत दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढले आणि प्रॉपेलर शाफ्ट सोडला की डिफ्रन्शियलचा पूर्ण गोळा बाहेर येतो, टेबलावर ठेवून काम करता येतं. मागे झाकण असलेल्या अ‍ॅक्सलमध्ये झाकण उघडून आतच काम करावं लागतं. कुठेही असलं तरी बेअरिंगच्या कॅपा ज्या बाजूच्या त्याच बाजूला आणि त्याच दिशेनं परत बसल्या पाहिजेत. काढण्याआधी पंचनं खुणा करा.

मूळ केजमध्ये क्रॉस पिनच्या भोकांना ओव्हल झीज आहे का, ते बोट फिरवून बघा. थ्रस्ट वॉशर झिजलेले असतील तर नवे घाला. लंचबॉक्स बसल्यावर दोन भागांमधलं अंतर फीलर गेजनं मोजायचं असतं, माप सोबतच्या कागदावर असतं. ते मापात येत नसेल तर "चालून जाईल" म्हणू देऊ नका. अंतर जास्त असेल तर दाते अर्धवट बसतात आणि कडा तुटतात.

गाडी खाली उतरवण्याआधी चाचणी घ्या. मागची दोन्ही चाकं वर, पुढच्यांना ओट, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. एकानं डावं चाक मागच्या दिशेला दाबून धरायचं, दुसऱ्यानं उजवं पुढच्या दिशेला फिरवायचं. ते टिकटिक करत मोकळं फिरलं पाहिजे. मग बाजू बदला, मग दिशा बदला. दोघांनी एकाच दिशेला जोर लावला तर एकही चाक फिरता कामा नये. चारही वेळा असं झालं तरच तेल भरा.

तेल जीएल-५ प्रतीचं, साधं मिनरल, ९० नंबर. एलएसडीसाठी जे फ्रिक्शन मॉडिफायर घालतात ते यात नको. लंचबॉक्स किंवा डेट्रॉइटचा आवाज फार वाटला तर जाड तेलानं थोडा दबतो. पहिलं तेल ५०० किलोमीटरला काढा आणि लोखंडाचा कीस किती आहे ते चुंबक फिरवून बघा. नंतर दर पावसाळा संपल्यावर, आणि नाल्याच्या पाण्यात अ‍ॅक्सल बुडाला असेल तर लगेच. तेल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलं. ब्रीदरची, म्हणजे आतली हवा ये-जा करू देणारी, नळी वर चेसिसपर्यंत नेली की हा त्रास बराच कमी होतो.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला आणि पंक्चर काढणाऱ्यालाही सांगा. लॉकरच्या गाडीचं मागचं एकच चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. साध्या डिफ्रन्शियलमध्ये उचललेलं चाक नुसतं फिरतं. इथे जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून ढकलून देतं.

काढलेले सन-स्टार गिअर, वॉशर आणि क्रॉस पिन भंगारात देऊ नका. ग्रीस लावा, कापडात गुंडाळा, डब्यात घाला आणि डब्यावर गाडीचा नंबर लिहा. भर श्रावणात लॉकरची स्प्रिंग तुटली आणि नवी यायला तीन आठवडे लागणार असले, तर तोच डबा उघडून गाडी संध्याकाळपर्यंत परत रस्त्यावर येते. माझा डबा देवघराच्या वरच्या फळीवर आहे, एकदा उघडावा लागला आहे.